गुरुवारचं विरजण

गुरुवारी पाषाणला वीज जाते, हे ठरलेलंच.
त्या गुरुवारी जनरेटरही
एकदा खोकून गप्प झाला,
आणि उणे ऐंशीचा फ्रीजर
अंगभर घाम घेऊन उभा राहिला.

आत आमचे जिवाणू.
तुमच्या दह्यातल्यांचेच भाऊबंद,
फक्त यांच्या अंगावर एक परकं चिन्ह गोंदलंय,
एका तापाच्या जंतूचं.
नुसतं चिन्ह. नांगी नाही.
नाकातोंडाच्या ओल्या उंबऱ्यावर जाऊन
यांनी एवढंच सांगायचं:
असा दिसणारा कुणी आला तर दार लावा.

सुई नाही, थेंब.
मुलाणी मामा मानेला दोन बोटं लावून
उंदरांना पाजतात,
"घे राजा, ताक समज."
तिसऱ्या आठवड्यात मी चिमट्याने
पिंजऱ्यापिंजऱ्यातल्या लेंड्या वेचते
आणि त्यांत राखणदार सापडतात का, बघते.
सोसायटीत नवरा सांगतो, "ही संशोधनात आहे."
लेंड्यांचं सांगत नाही.

यांचं एक जनुक आम्ही काढून घेतलंय.
थायमीन यांना स्वतःचं स्वतः करता येत नाही,
आम्ही भरवायचं.
मोरीतून निसटून मुठेपर्यंत पोचलेच
तर उपासाने मरतील.
सबनीस बाई फाइलीत लिहितात: सुरक्षित.
बरोबरच आहे.
तरी बाटलीत थायमीन सोडताना
माझा हात जरा सैल सुटतो.

तर त्या गुरुवारी मुलाणी मामा
स्कूटरवरून मासळीवाल्याकडे गेले,
गोणभर बर्फ आणला, वर जाडं मीठ.
सुरमईच्या वासात आम्ही सगळं वाचवलं.
सगळं नाही.
टेबलावर बारा कुप्या राहिल्या,
वाळवून केलेली पांढरी भुकटी.
शुक्रवारी गुड फ्रायडे, मग शनिवार, रविवार,
बाहेर एप्रिल, एकोणचाळीस अंश.

सोमवारी बाई म्हणाल्या, "पडलं विरजण."
म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.
फेकायच्या आधी मी उगाच
एकेक चिमूट ताटलीवर पेरली, थायमीन घालून.
मंगळवारी सकाळी
बारांपैकी नऊ ताटल्यांवर ठिपके,
दाट, शहाण्यासारखे, जणू काही झालंच नाही.

बहीण वेल्ह्यापलीकडे आरोग्यसेविका आहे.
खांद्याला लशींचा डबा,
बर्फ वितळायच्या आत वाडी गाठते.
तिला फोन केला: "बर्फ लागणार नाही, बहुतेक."
"कधीपासून?"
"अजून उंदरांवरच आहे गं. दहा वर्षं धर."
"मग मी रिटायर," म्हणाली,
आणि पलीकडे कुणाला तरी ओरडली, बाळाला आडवं धर.

रात्री दूध कोमट झालं का बघायला
करंगळी बुडवली.
चमचाभर कालचं दही. हे साधे,
यांना कुणी काही शिकवलेलं नाही.
झाकण ठेवलं,
आणि सवयीने
त्यावर तारीख टाकली.