खाल्ल्या मिठाला

एलिसेओ रात्रपाळीवरून सातला परततो,
सालारवरून, मिठाच्या त्या पांढऱ्या पठारावरून.
बूट बाहेर काढ, मी आतून ओरडते,
माझं औषध घरभर सांडतोस.
भाऊ हसतो. हा विनोद आमच्याकडे सहा वर्षं चाललाय
आणि अजून विटला नाही.
बाकी पुष्कळ विटलं.

त्याची कंपनी जमिनीखालचं खारं पाणी उपसते,
उन्हात महिनोन्‌महिने आटवते,
लिथियम काढून जहाजात भरते, मोटारींच्या बॅटऱ्यांसाठी.
त्यातलं चिमूटभर जगाला वळसा घालून
गोळी होऊन माझ्याकडे परत येतं, असं मी धरून चालते.
कालामाचा डॉक्टर म्हणतो, तसं काही नसतं, नेलिदा.
नसेल. त्याचं मी ऐकते ते मात्रेपुरतं.
सकाळी एक, रात्री दोन.

मग हात.
आम्ही तोकोनाओची माणसं ज्वालामुखीचा दगड कोरतो,
वीतभर घंटामनोरा, प्रवाशांना विकायला.
त्याच्या खिडक्या तांदळाच्या दाण्याएवढ्या.
छिन्नी खिडकीपाशी आली की हात
थंडीत उभ्या राहिलेल्या कोकरासारखा होतो.
आता खिडक्या भाचा कोरतो, विल्दो. वय चौदा.
एका खिडकीचे दोनशे पेसो घेतो, चोर.
आणि बऱ्या कोरतो. माझ्यापेक्षा बऱ्या.
हे मी त्याला सांगितलेलं नाही.

कॉफी अर्धा कप. पूर्ण भरला तर बशी पिते.

तहानेचं सांगायलाच नको.
गावात पाणी पाळीनं सुटतं, आज वरच्या मळ्यांना, उद्या खालच्या.
मी एकटी दिवसाला चार लिटर.
मागच्या सभेत म्हातारी दोन्या ओतिलिया उभी राहिली,
म्हणाली, लिथियम आपलं पाणी पितंय!
सगळ्यांनी मुठी उगारल्या. मीही उगारली,
आणि दुसऱ्या हातानं बाटली
हळूच बाकाखाली ढकलली.

सान लुकासच्या सणाचा झगा पाठीत मिटत नाही.
मधे चार बोटं फट. वरून शाल.

ते वर्ष आठवतं?
असं कुणी विचारत नाही, पण मी सांगते.
नऊ रात्री जागले. एकेचाळीस मनोरे कोरले,
एकाही खिडकीला ओरखडा नाही.
आईचं शिलाई मशीन एका जर्मन पोराला देऊन टाकलं,
कारण त्याचे डोळे ओळखीचे होते.
पहाटे अनवाणी सालारवर निघाले,
तारे नावानं हाका मारत होते, नेलिदा कोल्के, नेलिदा कोल्के,
शाळेत हजेरी घेतात तसे.
तळपायातून मिठाचे खडे काढायला एलिसेओला दोन दिवस लागले.
तो एका शब्दानं बोलला नाही.
त्याचं ते न बोलणं मी अजून गोळीबरोबर गिळते.

मधे एकदा सोडली होती. अकरा दिवस.
हात कसा दगडासारखा स्थिर झाला म्हणून सांगू!
बाराव्या दिवशी एलिसेओनं मशीनच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.
नुसतं पाहिलं.

डॉक्टर म्हणतो, जेवणातलं मीठ कमी करू नका, वाढवूही नका,
रक्तातला आकडा बिघडतो.
म्हणून सूपात मीठ मी मोजून घालते,
आणि तरी काही दिवस सगळंच अळणी लागतं,
सूप, सण, विल्दोचं हसू, माझं स्वतःचं नाव.
खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणतात.
मी जागते.
म्हणूनच रात्री झोपते.

झोपते म्हणजे काय, तीनदा उठते, इतकं पाणी प्याल्यावर.
संडास अंगणापलीकडे.
शाल ओढून बाहेर येते, थंडी हाडात शिरते,
वर तारे खच्चून भरलेले,
कुणी काही बोलत नाही.
मी जरा थांबते.
सवयीनं.
मग पायाखालची चप्पल चाचपत परत घरात,
दाराशी त्याच्या बुटांना ठेच लागते,
आणि अंधारात ते पांढरं
बोटांना लागतं.