अकरा मिनिटं

कोलशेतच्या शेडमध्ये सहा वर्षं
सात-सात मिनिटांत आम्ही संसार थाटले, मोडले.
पुठ्ठ्याचं दार, रिकामा फ्रिज,
आणि भोईर जिच्यावरून पडायचा ती खुर्ची.
तो पडला की सगळ्यांनी थांबायचं,
हसू येऊन, बसून, परत जाईपर्यंत.

सिनेमात दार सागवानी होतं.
दिग्दर्शक म्हणाला, भोईर, जरा कमी पडा.
कमी कसं पडतात,
हे भोईर मानपाड्याच्या टपरीवर
दोन कटिंग संपेपर्यंत मला विचारत राहिला.
मी लेखक. मी बिल दिलं.

हेमलताकडे सासवांचे चार आवाज होते.
चेहरा टीव्हीचा आहे, निर्माते म्हणाले.
त्यातल्या तिसऱ्या सासूच्या आवाजात
तिनं "बरं हो" म्हटलं
आणि रिक्षा थांबवली.

संकलन करणाऱ्या मुलीनं
आमचं एकही स्किट पाहिलेलं नव्हतं.
सर, प्रत्येक वाक्यानंतर तुम्ही सगळे
गप्प का उभे राहता?
सांगता आलं नाही.
तिनं ते कापलं. सिनेमा सुटसुटीत झाला.

शुक्रवारी दुपारी, घोडबंदरच्या मॉलमध्ये
चौदा माणसं, नऊ भोईरच्या घरची.
त्याची आई इतकी हसली
की पुढची तीन वाक्यं बुडाली.
काय म्हणाला रे? काय म्हणाला?
पडदा थांबला नाही.

कापलेलं सगळं माझ्याकडे आहे, पेनड्राइव्हवर.
कधी रात्री लावतो:
माणसं उभी, कान देऊन,
भोईर जमिनीवर,
एक डोळा किलकिला करून
उठू का, विचारतोय.