सुजाताचं पुरे

मार्चमध्येच कुलर काढावा लागला.
साडेआठला टाकीत पाणी ओततो, मग ताट वाढतो.
या आठवड्यात उत्पलाची मेडिकलला नाइट,
म्हणून वरणभात, चमचा आणि मी.
समोर सुजाता, तीन वर्षं दोन महिने.
ओठ असे मिटलेले
जसं धुळवडीच्या दिवशी बर्डीवरचं शटर.

मी मोबाइल लावतो.
निळा हत्ती नाचतो, तोंड आपोआप उघडतं.
एक घास जातो. अजून एक.
ती हत्ती गिळते, भात नाही.
वाटी रिकामी होते, आणि मी जिंकतो.

अंगणवाडीत काटा थांबला
तेव्हा मान माझी खाली गेली,
जणू माझाच निकाल लागला होता.
वासनिकताई म्हणाल्या,
'जबरदस्ती नका करू नं भाऊ.
काय द्यायचं, कधी द्यायचं, ते तुम्ही पाहा.
किती, ते पोट्टीले ठरवू द्या.'
मी हो म्हणालो.
घरी येऊन मोठा चमचा काढला.

कारण माझ्या आत बाबा बसलेत.
इंदोऱ्याच्या दोन खोल्या, मिलचा भोंगा,
माझ्या ताटाशी उकिडवे बसून म्हणायचे,
'एक शीत राहता कामा नये.'
मारलं नाही कधी. नुसते बघायचे.
मी कारल्याचा घास गालात धरून झोपायचो.
लहानपणी ते दुसऱ्यांच्या पंक्तीबाहेर
उरलंसुरलं मिळेपर्यंत उभे राहिले होते,
हे आत्यानं सांगितलं, फार उशिरा.
अजूनही पोट भरल्याचं मला
ताट बघून कळतं.

परवा बाबा आले. अठ्ठ्याहत्तर वय, कवळी खिशात.
गोळाभात केला, वरून फोडणीचं तेल, त्यांना आवडतं तसं.
अर्ध्यातच त्यांनी हात आखडला.
'काऊन, बाबा? एवढं तर संपवा.'
'पुरे.'
'दोनच घास.'
मी गोळा कुस्करला, हात पुढे केला,
आणि ते म्हातारे ओठ मिटले,
अगदी तसेच.

शेजारी सुजाता पाटोडीचा तुकडा चघळत होती,
हत्तीशिवाय, पाची बोटांनी, नाकाला बेसन.
म्हणाली, 'आबा पुरे म्हनले नं.'

घास माझ्या बोटांत थंड होत गेला.
बाबा तिच्याकडे बघत होते,
माझ्या ताटाकडे बघायचे तसे नाही.

तिचं नाव आईनं ठेवलंय.
त्या पहिल्या सुजातानं झाडाखाली खीर नेली,
पात्र समोर ठेवलं असेल
आणि दोन पावलं मागे सरकली असेल.
भरवलं नसेल. मला आपलं असं वाटतं.

आज मृगातली शेवटची संत्री मिळाली.
मोबाइल फ्रिजवर ठेवला, उताणा नाही, पालथा.
तिनं तीन फोडी खाल्ल्या, एक चिरडली,
एक माझ्या तोंडात कोंबली, मला नको असताना.
बिया माझ्या तळहातावर थुंकल्या.
वरणभात निम्मा राहिला.

उरलेला मीच संपवतो रोज, उभ्या उभ्या.
आज झाकण शोधलं.