सुटे पैसे

टेबल भाड्याचं, पंधरा युरो. चादर घरची.
एका कोपऱ्यावर बीटाचा डाग आहे,
त्यावर मी सगळ्यात मोठा डाव ठेवला
आणि पुन्हा तिकडे बघायचं नाही असं ठरवलं.

चर्चमागचं गवत अजून ओलं. बेटावरची सकाळ,
समुद्र दिसत नाही, पण मीठ जिभेला कळतं.
दहाला दहा कमी, आणि मी
जुनिपरच्या बावीस सुऱ्या, लोणी लावायच्या,
नऊ चमचे आणि तो एक डाव
रांगेत लावते, मोडते, पुन्हा लावते.
कारखान्यात स्प्रॅट मासे डब्यात असेच लावायचे,
शेपटीशी डोकं, डोक्याशी शेपूट,
सव्वीस वर्षं, शटर पडेपर्यंत.
हातांना दुसरी मांडणी येतच नाही.

चिठ्ठ्यांवर रात्री आठ लिहिलं होतं.
खोडून सहा केलं.
एन्डेल म्हणाला, सुरीला कोण सहा देतंय,
दुकानात चारात दोन मिळतात.
तो वाईट नाही. त्याला हिशेब येतो, इतकंच.

शेजारी लेम्बी, लोकरीचे मोजे घेऊन.
तिच्याकडे खुर्ची, खुर्चीवर मेंढीचं कातडं, थर्मास,
आणि तीस जत्रांचा निबरपणा.
"उभी राहा," म्हणाली. "बसलेल्या बाईला गरज नसते.
आणि इतकी हसू नकोस, गिऱ्हाईक बिचकतं."

अकरापर्यंत सगळे आले ते वास घ्यायला.
सुरी उचलायची, नाकाशी न्यायची,
(मिऱ्यासारखा, जरा धुरकट, आजोळच्या न्हाणीघरासारखा)
डोळे मिटायचे, अहाहा म्हणायचं,
आणि ठेवून द्यायची, तीही उलटी.
वासाला तिकीट लावलं असतं तर भाडं निघालं असतं.
एका फिनिश माणसानं विचारलं, किती वेळ लागतो एकीला?
मी खरं ते सांगितलं :
लाकूड दोन वर्षं वाळतं, मग एक संध्याकाळ.
त्यानं मान डोलवली आणि सॉसेज घ्यायला गेला.

मग एक उंच बाई, खांद्यावर झोपलेलं पोर.
तिनं मागच्या रांगेत हात घातला
आणि नेमकी ती काढली, मुठीपाशी गाठ असलेली,
जी मी लपवली होती.
"ही."
पुढे केली पन्नासाची नोट.

माझा गल्ला म्हणजे स्प्रॅटचा रिकामा डबा,
त्यात दोन नाणी आणि कोटाचं एक बटण.
सव्वीस वर्षांत माझ्याकडे
कुणी सुटे मागितलेच नव्हते.
कानशिलं तापली.
लेम्बीनं न बघताच एप्रनच्या खिशातून
चव्वेचाळीस मोजून माझ्या तळहातावर दाबले.
"भवानीला परत पाठवायचं नसतं," एवढंच म्हणाली,
आणि तिच्या गिऱ्हाइकाशी मोज्याच्या टाचेवरून वाद घालू लागली.

मी सुरी वर्तमानपत्रात गुंडाळली.
फार हळू गुंडाळली असणार,
कारण एक टोक तिच्या हातात, एक माझ्या,
आणि तिला जरासं ओढावं लागलं.

दिवसभरात सात गेल्या.
बेचाळीस, वजा पंधरा, वजा पेट्रोल.
आठवी लेम्बीला दिली, तिनं करडे मोजे दिले,
ते एन्डेलला झाले नाहीत, मलाच झाले.
किती मिळाले, त्यानं विचारलं.
डबा हलवून दाखवला. आवाज बरा येत होता,
बटणासकट.

गुरुवारी पोस्टात जाताना
निळ्या घराच्या खिडकीत ती दिसली, माझी, गाठीची.
लोणी नाही, पाव नाही.
चौकटीखाली उभी खोवलेली, खिडकी पडू नये म्हणून.
आत पोराचा आवाज, पडदा आतबाहेर.
मी थांबले. दार वाजवावं, सांगावं, बाई, ही...
काय सांगणार होते?
पैसे दिलेत तिनं. पूर्ण सहा.

एन्डेलला मात्र यातलं काही कळायला नको.

जुनिपर आहे, ओल सोसतो.
गाठ होती म्हणूनच टिकली असेल तिथे.
पुढच्या जत्रेला
सुटे घेऊन जायचे, आणि खुर्ची.