शिल्लक

पतपेढीत एकतीस वर्षं मी कॅशियर.
संध्याकाळी दोन रुपये कमी भरले
तर दिवा लावून बसायचो, जेवण निवायचं.
म्हणून रेडकर डॉक्टरांनी साखर दाखवली
आणि भाचीने मोबाईलवर ते अ‍ॅप चढवून दिलं,
तेव्हा खरं सांगतो, बरंच वाटलं.
नवी खातेवही.
जमा : जे गिळलं ते.
खर्च : जे चाललो ते.

पहिल्याच सकाळी अडलो.
घावणे त्याला ठाऊक नव्हते,
'साधा डोसा?' अदबीने विचारलं त्याने.
तिसऱ्यांच्या सुक्यापाशी तर गप्पच झालं.
मी आत ओरडलो, मालिनी, खोबरं किती?
—मूठभर.
—कुणाची मूठ?
—माझी. आणखी कोण आहे घरात?

पावलं मात्र ते चोख मोजतं.
तोंडवळीच्या वाळूत रोज सहा हजार,
वाळूत पाय रुततो ते मात्र हिशेबात नाही.

परवा रापण लागली होती.
दाजी कुबल दोराखालून ओरडला,
'उभो काय रवलंस, कॅशियर? वायच हात लाव!'
लावला.
ओला दोर, खारट, तळव्यात करकरणारा,
आणि मागे, मागे, टाचेने वाळू उकरत मागे.
शेवटाला पोचलं की सोडायचा,
पाण्याकडे जायचं, पुन्हा धरायचा.
दीड तास.
छाती भात्यासारखी.

खिशातून मोबाईल काढला :
'आज तुम्ही नेहमीपेक्षा कमी चाललात.'

व्यायामांची यादी चाळली.
सायकल, पोहणे, बागकाम, योगासने.
रापण नाही.
सगळ्यात खाली : रस्सीखेच (सांघिक).
तेच दाबलं.
समोरचा संघ कोणता,
ते काही त्याने विचारलं नाही.

वाट्याला सात बांगडे आले.
दोन माझ्या ताटात, तिखल्यात,
त्रिफळांच्या वासाने घर भरलेलं.
रात्री हिशेब मिटवायला बसलो :
चाळीस जास्त.
पुन्हा बेरीज केली. भात, बांगडे, दोर.
चाळीस.

मालिनी झाकपाक करून आली, पदराला हात पुसत.
म्हटलं, मूठ दाखव.
—आता?
—आताच.
तिने मोबाईलच्या उजेडात मूठ धरली.
लहान होती.
इतक्या वर्षांत कधी मोजली नव्हती मी.
चष्मा पुसला, परत पाहिलं,
आकडा कुठला टाकावा सुचेना.

—झालं? उघडू?