सतरा पायऱ्या

वादळाला कुणीतरी नाव ठेवलं होतं.
बारशाला आम्हाला बोलावलं नव्हतं.
आम्ही आपले गंगेला नावं ठेवत बसलेलो,
वरच्या धरणाला, खालच्या धरणाला,
आणि त्या भोंग्याच्या जीपला
जी सडकेवरूनच ओरडून माघारी वळली.

समुद्र इथून एक दिवस एक रात्र रेल्वेवर.
भोईपुऱ्यात तो पाहिलेला लक्षिमन एकटा,
विशाखापट्टणला दोन वर्षं कोळंबी सोलायला होता.
म्हणाला, तिथं वादळ आलं की लोक आत पळतात.
आत म्हंजी कुठं रे?
तो जरा थांबला.
आत म्हंजी, इकडंच की.

हसलो. अजून हसायला जागा होती,
पाणी उंबऱ्याच्या बाहेर होतं.

गिरणीचा पट्टा मी गळ्यात घातला.
मोटर नाही निघाली. चार बोल्ट, चारी गंजलेले,
हातात पाना, पाणी पिंढरीला,
आणि दारातून सोजरबाई:
"ठिव आता. पाणी यायलंय."
दळणाचे डबे फळीवर तसेच राहिले,
ज्वारीचे अकरा, बाजरीचा एक,
एक डाळीचा, महालक्ष्म्यांच्या लाडवांसाठी.
प्रत्येकावर तेलरंगात नाव.

अख्ख्या पुऱ्यात स्लॅब एकच, शेख मोईनोद्दीनचा.
वर माणसं एकतीस, शेळ्या नऊ,
एक बाळंतीण, गोधडीत गुंडाळलेला एक टीव्ही.
जिन्याला पायऱ्या सतरा.
बॅटरी मिणमिणत होती. सोजरबाईनं ती विझवायला लावली.
"पाणी बघाया डोळे कशाला, पाय हायेत की."
आणि जिन्यात बसली, पाय खाली सोडून.

सहावी, ती म्हणाली.

वारा असा की ताडपत्री धरायला आठ माणसं
आणि तरी ती आम्हालाच उचलायची.
आठवी.
वरून सोडलेलं, खालून तुंबलेलं,
मधल्या मधे आम्ही. जायचं कुठं पाण्यानं तरी?
शमीमनं पिंपाच्या आडोशाला स्टोव्ह पेटवला.
दहावी. चहा अर्धा अर्धा कप.
केरबानं जीभ काढून पाऊस चाखला,
म्हणाला, खारट न्हाई लागत,
मग समुद्राकडून आलं कसं काय?
कुणापाशी उत्तर नव्हतं. लक्षिमनही गप्प.
बाळंतिणीच्या पोराला दूध पुरेना, ते रडलं,
मग शेळीचं काढलं, अंधारात, चाचपत.
तेरावी.

चौदावी म्हटल्यावर सोजरबाई बोलायचीच थांबली.
झोपली का विचारायचं धाडस होईना.
कोण मनात मोजत होतं, कोण देवाला,
मोईन हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होता,
मी पट्ट्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवत होतो,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुन्हा उलटा.

फटफटलं तेव्हा ती वळून म्हणाली,
"चौदावीच हाय. लई येळची."
पाय तिचे पांढरेफटक, सुरकुतलेले,
नुकत्या धुतलेल्या बटाट्यासारखे.
मी म्हणालो, मग सांगायचं न्हाई का?
"सांगितलं असतं आन् वाढलं असतं तर?"

तिसऱ्या दिवशी गंगा उतरली.
डबे सापडत गेले, बाभळीत, शाळेच्या गजाला,
ज्वारी आतून फुगून पत्रा फाटलेला.
वास असा की शेळ्यांनीही तोंड फिरवलं.
डाळीचा डबा नाही मिळाला. महालक्ष्म्या बसल्या,
लाडू रव्याचे झाले.

एक डबा आमचा नव्हताच.
पितळी कडीचा, झाकण घट्ट, आत काही नाही.
निळ्या अक्षरांत अनुसया, पुढं मु. पो.
आणि पुढचं गाव गंगेनं पुसून नेलेलं.
घासून ठेवलाय गिरणीत, नव्या मोटरीच्या वर.
दळायला येणाऱ्या प्रत्येकीला मी विचारतो,
वरच्या अंगाला कुणी अनुसया हाय का ओळखीची?
दोघी निघाल्या. दोघींचेही डबे घरीच होते.

तोवर मीठ ठेवतो त्यात.
पावसाळ्यात पाणी सुटतं त्याला.