चोविसावा बोल्ट

लोकांना वाटतं, छप्पर पडेल.
पडत नाही हो.
पत्र्याचं छप्पर उडतं.
वारा खालून शिरतो, काखेत हात घालतो,
आणि लहान पोराला घ्यावं तसा
अख्खा सांगाडा वर उचलतो.

हे मला आयटीआयमध्ये कुणी शिकवलं नाही.
दिवाळ्याच्या बंदरावर शीड सोडताना बाप म्हणायचा,
वारा आपला वैरी नाय रे जयेंद्र,
त्याला कोंडू नको म्हंजे झाला.

नेरूळला एका रो-हाउसची गच्ची. गुप्तेबाईंची.
टेलिफोन खात्यातून निवृत्त, हिशोबाला पक्क्या.
मार्चातच दुपारी लादीवर पाय ठरत नव्हता,
कुंडीतल्या ओव्याला उकडल्याचा वास.
म्हणाल्या, वर पत्रा, चारी बाजू बंद,
एक थेंब आत यायला नको.

म्हटलं, बाई, बंद केलंत
तर मे महिन्यात इथे पापड भाजाल
आणि जूनमध्ये पत्रा जुईनगरात शोधाल.
भिंतीच्या माथ्यावर वीतभर फट ठेवू.
उतरती बाजू नैऋत्येला,
वाऱ्याला छाती नाही, पाठ दाखवायची.

त्यांनी चष्मा वर केला.
फटीचे पैसे कमी करणार का?

आठ दिवस काम चाललं.
वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्याला रेड ऑक्साइडचे दोन हात,
कारण खाडीची हवा लोखंड चघळते.
स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर, खोलगटात नाही,
तिथून पाणी चालतं. खाली रबराची चकती.
पत्रा पांढरा, उन्हाने परत जावं म्हणून.
सहा खांब, खांबाला चार बोल्ट.

लांब बोल्ट पुडक्यात तेवीसच निघाले.

संध्याकाळ झालेली. खाली टेम्पोवाला हॉर्नवर बसलेला.
फिरोजने हत्यारं गोणीत भरली होती.
मी आखूड बोल्ट मारला.
ड्रिलमागे धूळ आली लाल, विटेची.
म्हणजे कोब्यातच थांबलो,
खालच्या स्लॅबला हातही लागला नाही.
कळलं मला. तेव्हाच कळलं.
धरेल, म्हटलं, आणि चेक खिशात घातला.

मे संपता संपता समुद्रात काहीतरी गोळा झालं.
त्याला नाव होतं, मी विसरलो.
रात्री खिडकीची कडी दातांसारखी वाजत होती
आणि मी पडल्या पडल्या मोजत होतो
एकवीस, बावीस, तेवीस.
हेमलता म्हणाली, काय मोजतोस रे?
पैसे, म्हटलं.

अडीचला फोन. गुप्तेबाई.
उचलावासा वाटला नाही. उचलला.
ऐका, म्हणाल्या, आणि फोन वर धरला असावा,
कारण मग नुसता आवाज आला,
कुणी रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकावं तसा,
लांब, जाडा, थांबून थांबून.
ही तुमची फट. डोळ्याला डोळा लागू देत नाही.
शेजारच्या बिवलकरांची शेड गेली हो.
आमची वाजतेय फक्त.

सकाळी पाना घेऊन निघालो.
रस्ताभर फांद्या, आणि बागेतल्या झोपाळ्यावर
कुणाची तरी निळी शेड दुमडून बसलेली.

गच्चीवर चढलो. तेवीस बोल्ट जसेच्या तसे.
चोविसावा बोटाने फिरला.

मागे बाई चहा घेऊन उभ्या. काय झालं?
काही नाही, म्हटलं.
कप हातात घेतला, मग सांगितलं:
हा आखूड आहे. त्या दिवशी घाई केली मी.

त्या वाकल्या, बोल्ट पाहिला,
पावती तपासावी तसा.
मग म्हणाल्या, आता तरी फटीचे पैसे कमी करा.

केले. दोनशे.
लांब बोल्ट खिशात आणलाच होता.
त्याच भोकात ड्रिल घातलं, दाबलं.
आधी लाल, मग पुन्हा लाल,
मग पात्याचा सूर बदलला
आणि धूळ आली
राखाडी.